मुदत संपलेलं बक्षीस कुणाचं?

लॉटरीचं तिकीट उलटं करून मागचा मजकूर वाचणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरून बाहेर पडलं की लॉटरीचे स्टॉल लागतात. तिथे ही खरेदी मी बरीच वर्षं बघत आलो आहे. माणूस गठ्ठ्यावरून बोट फिरवतो, शेवटचे दोन आकडे बघतो, मनात कसलीशी बेरीज करतो आणि एक तिकीट निवडून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. घडी न घालता. त्या कागदाचा तेवढा मान असतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी छापलेल्या असतात. त्यांतली एक अट सांगते की बक्षीस लागलं तर ठरलेल्या दिवसांत मागणी करायची. ते दिवस उलटले की हक्क संपला.

माझ्या मोठ्या काकांनीही ती अट वाचली नव्हती. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते आणि निवृत्तीनंतर कोपरीला राहायचे. महिन्याला दोन-तीन तिकिटं घ्यायची आणि सणाला एखादं बंपर, एवढाच त्यांचा नाद. ऑगस्टमध्ये ते आजारी पडले आणि गणपतीनंतर गेले. जानेवारीत काकूंनी भिंतीवरचं जुनं कालनिर्णय उतरवलं, तेव्हा ऑगस्टच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाशेजारी, टाचणीने लावलेलं एक तिकीट निघालं. मी जुना निकाल शोधून काढला. शेवटचे चार आकडे जुळत होते. बक्षीस पाच हजारांचं. मुदत कधीच उलटून गेली होती. काकांनी सोडतीच्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल केला होता, पण बक्षीस मागायच्या शेवटच्या तारखेभोवती गोल नव्हता. काकू एवढंच म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे रे. पण त्यांना लागलं होतं, आणि त्यांना कळलंच नाही."

ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या बहुतेकांनी एकच म्हण ऐकवली, दैव देतं आणि कर्म नेतं. म्हणणं असं की जिंकलेलं मागून घेणं ही जिंकणाऱ्याची जबाबदारी, ती पाळली नाही, विषय संपला. मला हे अर्धं मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी मान्य असलेलं. लॉटरीच्या तिकिटावर नाव नसतं. ते ज्याच्या हाती, बक्षीस त्याचं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सनराइज असोसिएट्सच्या खटल्यात ठरवलं की लॉटरीचं तिकीट ही विक्रीची वस्तू नाही, तो एक दावा करण्याजोगा हक्क आहे. वाद विक्रीकराचा होता, पण त्या निकालातून सामान्य माणसाला एक गोष्ट नीट कळते. आपण कागद विकत घेत नाही, मागण्याचा हक्क विकत घेतो. आणि जो हक्क मागण्याचा आहे, तो न मागता मिळणार कसा? तिकीट कुणाच्या खिशात आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, राज्य लॉटरीच्या वाशीच्या कार्यालयालाही नसतं. जगात एकाच माणसाला ते ठाऊक असतं. तेव्हा निकाल तपासायचं काम दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही.

आणि तपासायचं म्हणजे पूर्ण तपासायचं. लोक निकालपत्रकाची पहिली ओळ बघतात. पहिलं बक्षीस आपलं नाही एवढं कळलं की तिकीट फाडून पायाशी टाकतात. खालची लहान बक्षिसं, शेवटच्या चार आकड्यांवरची, बघायला कुणी थांबत नाही. शंभर-दोनशे रुपयांसाठी परत कोण स्टॉलवर येणार, असंही असतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मुरलेले लोक शर्यत संपल्यावर तिकीट लगेच फाडत नाहीत, कारण तक्रार होऊन निकाल फिरू शकतो. अधिकृत निकाल जाहीर होईपर्यंत ते कागद हातात धरून ठेवतात. आपल्या स्टॉलवरच्या गिऱ्हाइकाला ही सवय नाही.

पण विसरणं हे बक्षिसं बुडायचं मुख्य कारण आहे असं मला वाटत नाही. मुख्य कारण लपवणं हे आहे.

काकांचं तिकीट घरात कुणालाच माहीत नव्हतं. काकूंना नाद माहीत होता, तिकीट माहीत नव्हतं. आपल्याकडे माणूस फंडातले पैसे, पोस्टातलं खातं, विम्याची पॉलिसी बायकोला सांगतो, निदान सांगायला हवी हे त्याला पटलेलं असतं. लॉटरीचं तिकीट तो सांगत नाही. पन्नास-शंभर रुपये उधळले म्हणून बोलणी बसतील, मुलांसमोर लाज जाईल, ही भीती. मग ते तिकीट गॅसच्या पुस्तकात जातं, देव्हाऱ्याच्या खणात जातं, कपाटातल्या वर्तमानपत्राच्या घडीखाली जातं. वाशीच्या मार्केटमध्ये सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार आहेत. कुटुंब गावी, माणूस इथे गाळ्यावर किंवा खोलीवर. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलं होतं की तिकीट ट्रंकेत ठेवून तो गावच्या जत्रेला गेला, तिथून शेतीच्या कामाला अडकला आणि परतला तेव्हा ते तिकीट आठवलंही नाही. लपवलेल्या वस्तूला दुसरा साक्षीदार नसतो. ठेवणारा आजारी पडला, गावाला गेला, की ती नसल्यासारखीच. म्हणून खेळणाऱ्याची जबाबदारी मी आठवण ठेवण्यात मोजत नाही. आठवण कुणाचीही दगा देते. तिकीट घेतलंच आहे तर घरात एका तरी माणसाला सांगावं, त्याच्या मागे आपलं नाव-पत्ता लिहावा. ओरडा खावा लागला तर खावा.

इथवर मी त्या म्हणीच्या बाजूचा आहे. पुढे मात्र मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. न मागितलेले पैसे जातात कुठे?

केंद्राचा १९९८ चा लॉटरी नियमन कायदा आहे. राज्यांनी लॉटरी कशी चालवायची याच्या अटी त्याच्या चौथ्या कलमात आहेत. तिकिटावर राज्याचं बोधचिन्ह हवं, सोडत राज्य सरकारनेच काढायची, एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नको, वर्षात सहापेक्षा जास्त बंपर नकोत. त्याच यादीत एक अट अशी आहे की राज्याने ठरवलेल्या मुदतीत न मागितलेली बक्षिसाची रक्कम त्या सरकारची मालमत्ता होईल. मुदत किती, हे राज्य ठरवणार. केरळात ती तीस दिवसांची आहे. म्हणजे मुदत ठरवणारा आणि मुदत संपल्यावर पैसे ठेवून घेणारा एकच. काकांच्या पाच हजारांबद्दल 'कर्म नेतं' म्हणणाऱ्यांना मी हे दाखवतो. इथे नेणारं कर्म नाही, कलम आहे.

एखाद्या खाजगी कंपनीने असं केलं असतं तर? १९९७ पासून आपल्या करार कायद्याचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की ठरावीक काळानंतर समोरच्याचा हक्कच नष्ट होईल, अशी अट करारात घातली तर तेवढ्यापुरता तो करार रद्दबातल. करारातल्या पैशांसाठी कोर्टात जायला मुदतीच्या कायद्याने साधारण तीन वर्षं मिळतात. २०१२ पासून चेक तीन महिन्यांत शिळा होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण चेक शिळा झाला म्हणून देणं फिटत नाही. ज्याने चेक दिला त्याच्याकडून दुसरा मागता येतो. लॉटरीच्या तिकिटाचं तसं नाही. मुदत संपली की कागदही जातो आणि देणंही जातं. पैजेच्या व्यवहाराला आपल्या कायद्यात करार म्हणून उभंच राहता येत नाही आणि लॉटरीपुरतं संसदेने वेगळं ठरवून दिलं आहे, म्हणून हे कायदेशीर आहे. कायदेशीर आहे हे मला मान्य आहे. योग्य आहे का, एवढंच मी विचारतो आहे.

कारण हेच सरकार दुसऱ्यांना काय सांगतं ते बघा. बँकेत दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत जाते. हा निधी २०१४ साली सुरू झाला. पण ठेवीदार किंवा त्याचे वारस नंतर कधीही आले तर ती परत मिळते. अशा ठेवी लोकांना शोधता याव्यात म्हणून २०२३ साली रिझर्व्ह बँकेने उद्गम नावाचं पोर्टल काढलं, आणि त्याच वर्षी बँकांना जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवींचे धनी शोधायच्या मोहिमेवर धाडलं. शेअरवरचा लाभांश सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो गुंतवणूकदारांच्या संरक्षण निधीत जातो, आणि तिथूनही मागता येतो. बँकेला आणि कंपनीला सरकार बजावतं की दुसऱ्याचा पैसा तुमचा होत नाही, मालक शोधा. स्वतः विकलेल्या तिकिटावरच्या बक्षिसाला मात्र हा नियम लागू नाही.

यावर मला तीन उत्तरं ऐकायला मिळाली आहेत. पहिलं असं की ते पैसे शेवटी सरकारी तिजोरीत म्हणजे जनतेकडेच जातात, मग ओरड कशाची? हे मला पटत नाही. तिजोरीला तिचा वाटा आधीच मिळालेला असतो. लॉटरीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. बक्षिसावर ३० टक्के आयकर असतो, आणि रक्कम दहा हजारांच्या वर असली की तो हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो. विक्रीचा नफा वेगळा. एवढं घेतल्यावर जे उरतं ते कुणातरी हमालाचं, वॉचमनचं, निवृत्त फिटरचं असतं. ते जनतेचं म्हणायचं असेल तर त्या जनतेत तो हमाल पहिला येतो.

दुसरं उत्तर हिशेबाचं. मुदतच नसेल तर खाती कधी बंद होणार नाहीत, आणि पंधरा वर्षांनी कुणी बनावट तिकीट घेऊन उभा राहील. यात तथ्य आहे. मुदत असावीच, अमर तिकीट मीही मागत नाही. पण कागद तपासायचा असतो तो नंबरावरून आणि नोंदीवरून, आणि त्या नोंदी काही महिन्यांत पुसल्या जात नाहीत. साध्या देण्याला तीन वर्षं मिळतात, तर लॉटरीच्या बक्षिसाला निदान एक वर्ष मिळायला काय हरकत आहे?

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त वेळा ऐकलं: जुगारच तो, बुडाला तर बुडाला, बरंच झालं. हे बोलणारी माणसं मनाने वाईट नसतात. मी स्वतः तिकीट घेत नाही. तिकिटाच्या गणितात घेणाऱ्याचं नुकसान आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि काकांनी ते पैसे पोस्टात टाकले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं. तमिळनाडूने २००३ साली लॉटरीवर बंदी घातली, तशी आपल्याकडेही घालायची का, हा मोठा आणि वेगळा वाद आहे. पण बंदी नाही ना? राज्य स्वतः विकतं ना? मग विकताना लॉटरी प्रतिष्ठित आणि देताना ती जुगार, असं दोन्हीकडून बोलता येणार नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. त्या काळात मुंबई-ठाण्यात मटका जोरात होता. (कल्याण मटक्याचा आपल्या जिल्ह्यातल्या कल्याणशी काही संबंध नाही. १९६२ मध्ये वरळीला तो सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांचं ते नाव.) लोकांना त्या बेकायदा आकड्यांपासून दूर ठेवावं, खात्रीचा आणि सरकारी शिक्क्याचा पर्याय द्यावा, हा राज्याच्या लॉटरीमागचा विचार होता. मटका वाईटच. त्याने गिरणगावातली आणि आपल्याकडची कितीतरी घरं पोखरली. पण जुने लोक त्याच्याविषयी एक गोष्ट अजून सांगतात. चिठ्ठी घेणारा गल्लीतलाच असे, कुणी कोणता आकडा लावला ते त्याला तोंडपाठ असे, आणि लागलेले पैसे तो शोधत येऊन देई. कोर्टात त्याच्यावर दावा लावता आला नसता. दिलेला शब्द पाळला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कुणी फिरकणार नाही, एवढ्या एका धाकावर ते देणं चुकतं होई. ज्या धंद्यापासून लोकांना वाचवायला राज्याने लॉटरी काढली, निदान तेवढी तरी देण्याची कळकळ राज्याने दाखवावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

देणाऱ्याने शोधत यायचं, हे अशक्यही नाही. ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीत बक्षीस मागायला १८० दिवस मिळतात. तिकीट तिथेही बिननावाचंच असतं. पण मोठं बक्षीस कुणी नेलं नाही तर ते तिकीट कुठल्या भागात विकलं गेलं हे जाहीर होतं, म्हणजे तिथल्या लोकांनी खिसे आणि खण तपासावेत. २०१२ साली जूनमधल्या एका सोडतीत ६ कोटी ३० लाख पौंडांहून जास्त रकमेचं बक्षीस लागलेलं तिकीट स्टीव्हनेज आणि हिचिन या भागात विकलेलं होतं. भाग जाहीर झाला, बातम्या झाल्या, आणि तरीही ५ डिसेंबरची मुदत संपेपर्यंत कुणी आलं नाही. पैसे गेले, पण ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत गेले नाहीत. लॉटरीतून ज्या लोकोपयोगी कामांना मदत होते त्यांच्या निधीत गेले. या प्रकरणात जिंकणाऱ्याची चूक होती असं मी बिनदिक्कत म्हणेन, कारण दुसऱ्या बाजूने आपलं काम केलं होतं. आपल्याकडे मला तसं म्हणता येत नाही.

मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांचीही इथे आठवण होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून ते बंद केले, आणि मला त्याचा आनंदच झाला. बंद करताना अनेक अ‍ॅपवाल्यांनी खेळणाऱ्यांना कळवलं की तुमची शिल्लक काढून घ्या. त्यांच्याकडे प्रत्येकाचं नाव आणि नंबर होता, म्हणून ते सोपं गेलं. कागदी तिकीट घेणारा मात्र बहुतेक वेळा वयस्कर असतो, त्याच्या फोनवर असा निरोप येणार नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं तर ते स्टॉलवरूनच पोचावं लागेल.

स्टॉलवर आज काय होतं? ताजं निकालपत्रक खिळ्याला लावलं जातं. पुढचं आलं की ते आधीच्यावर चढतं. खालच्या पत्रकांमधल्या कितीतरी नंबरांची मुदत अजून संपलेली नसते, पण ते दिसायचे बंद होतात. राज्य लॉटरीकडे कुठल्या नंबरचं बक्षीस दिलं गेलं आणि कुठलं नाही याची नोंद असायलाच हवी, नाहीतर हिशेबच लागणार नाही. त्याच नोंदीतून दर महिन्याला न नेलेल्या बक्षिसांची यादी काढावी. नंबर, विकल्याचं ठिकाण आणि शेवटची तारीख, मोठ्या टायपात. शेवटची तारीख तिकिटाच्या मागच्या बारीक मजकुरातून उचलून पुढे, सोडतीच्या तारखेशेजारी छापावी. आणि एवढं करूनही जे पैसे उरतील, ते तिजोरीत मिसळू न देता वेगळे ठेवून कुठल्या कामाला दिले ते दरवर्षी सांगावं. कॅलिफोर्नियात असे पैसे सरकारी शाळांना जातात. आपल्याकडे ते व्यसनमुक्तीच्या कामाला गेले तर मला सर्वांत आवडेल.

राज्य लॉटरीचं कार्यालय वाशीला आहे. तिथून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ठाण्याला यायला अर्धा तास लागतो. गेल्या सोडतींची तिकिटं रोज याच गाडीने ये-जा करणाऱ्या माणसांच्या खिशांत आहेत, ट्रंकांत आहेत, भिंतीवरच्या कालनिर्णयांच्या मागे टाचलेली आहेत. स्टॉलवर ती यादी टांगलेली असती, तर ऑक्टोबरात बाजाराची पिशवी घेऊन तिथून जाणाऱ्या काकूंनी 'ठाणे' हा शब्द वाचून कदाचित पाऊल थांबवलं असतं, आणि घरी येऊन ऑगस्टचं पान उलटून बघितलं असतं.